देठांची बरणी

राहनाळच्या गोदामांच्या रांगेत दोन निळ्या पत्र्यांच्या भिंतींमध्ये एक चिंचोळी पट्टी हिरवी राहिली होती. आजूबाजूला दिवसभर कंटेनर मागेपुढे होत, धुरळा उडे, ड्रायव्हर एकमेकांच्या आयाबहिणी काढत, आणि या सगळ्यात काकडीचा मांडव बिनदिक्कत उभा असे. नवख्या माणसाला वाटे, कुणीतरी हौसेने बाग राखली आहे. हौस कसली! ती चंद्राबाईची जिद्द होती, आणि त्या जिद्दीला खतपाणी होतं ते जावेच्या वैराचं.

ती पट्टी राहिली कशी, हे आधी सांगायला हवं. चंद्राचा सासरा राघो. त्याला दोन मुलगे, थोरला धनेश, धाकटा केसरीनाथ. गोदामांचे दिवस आले तशी म्हाताऱ्याने हयातीतच वाटणी केली. पुढची शेतं दोघांना सारखी दिली, घरं शेजारीशेजारी बांधून दिली, भांडीकुंडीसुद्धा मोजून वाटली. वाटली नाही ती एकच वस्तू, राघोच्या आईची लोणच्याची बरणी. गुडघ्याएवढी उंच, चिनी मातीची, खांद्याशी तपकिरी, पोटाशी पांढरी. त्या घरात कैरीच्या लोणच्याला कुणी विचारत नसे. पावसाळी काकडीचं लोणचं, तेही दसऱ्याला उघडलेलं, हे त्या घराचं खरं लोणचं. बरणी फोडून तर वाटता येत नाही. तेव्हा राघोने भावकी जमवली आणि घरामागची पट्टी दाखवून सांगितलं, "ही जागा बरनीची. जी बाय बरनी घालंल तिच्या ताब्यात राहील. दोनी घरांत लोनचा जातंय, तवर हिला कोनी हात लावाचा न्हाय."

लोक हसले. लोणच्यासाठी जमीन अडवणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. पण म्हाताऱ्याने शब्द दिला, भावकीने ऐकला, आणि तो मेल्यावर त्या शब्दाला जास्तच वजन आलं. बरणी थोरल्या सुनेकडे, म्हणजे चंद्राकडे आली. दरसाल ती काकडी लावी, बरणी घाली, आणि दसऱ्याला एक लहान बरणी भरून धाकट्या घरी पाठवी.

धनेश गेला तेव्हा चंद्रा पन्नाशीलाही पोचली नव्हती. त्यानंतर तिला कळलं की नवरा मेल्यावर बाई घरातच राहते, पण घर तिला विचारेनासं होतं. पुढच्या जागेवर गोदाम कुणाला द्यायचं ते केसरीनाथने ठरवलं. पत्र्याची भिंत कुठून घालायची तेही त्यानेच ठरवलं, आणि ती अशी घातली की चंद्राच्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागे. तिचा मुलगा प्रितेश काल्हेरच्या एका गोदामात सुपरवायझर. तो काकाच्या पुढे मान हलवायचा आणि आईपुढे मोबाइल काढून बसायचा. एकट्या त्या पट्टीत मात्र चंद्राच्या परवानगीशिवाय कुणी पाऊल टाकू शकत नव्हतं. तिथे ती मालकीण होती. म्हणून ती पट्टी तिचा जीव की प्राण झाली.

आणि नेमकं तिथेच रंजिताने बोट घातलं.

रंजिता केसरीनाथची बायको. बोलायला कमी, पण बोलली की समोरच्याच्या वर्मी बसावं अशी. धनेश गेल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला चंद्रा स्वतः लहान बरणी घेऊन धाकट्या घराच्या ओटीपर्यंत गेली होती. आत बायका बसल्या होत्या. रंजिताचा आवाज स्वच्छ बाहेर आला. "नवरा गेलेल्या बायच्या हातचा लोनचा टिकत न्हाय. बरनी आता हिकडं येवाला पायजे."

चंद्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बरणी ओटीवर ठेवली, ठेवली म्हणजे आपटलीच, आणि घरी येऊन रात्रीची भाकरीसुद्धा केली नाही. नवऱ्याच्या मरणाने ती रडली होती, पण या वाक्याने ती पेटली. बरणी मागते! उद्या पट्टी मागेल, परवा घराबाहेर काढेल. त्या दिवसापासून दोघी जावांचं बोलणं बंद झालं. लग्नकार्यात, मयताला, गणपतीला समोरासमोर आल्या तरी दोघी एकमेकींच्या डोक्यावरून पाहत.

बोलणं तोडता येत होतं, लोणचं तोडता येत नव्हतं. लोणचं तुटलं की राघोचा शब्द तुटला, आणि शब्द तुटला की पट्टी गेली. चंद्राला हे पक्कं कळत होतं. म्हणून पुढच्या पावसाळ्यात तिने एक डोकं चालवलं, आणि त्या डोक्याचा तिला पुढे बरीच वर्षं अभिमान वाटत राहिला.

काकडी चिरायला घेतली की देठाकडची चकती आधी कापतात, तीच काकडीच्या कापलेल्या तोंडावर घासतात. पांढरा फेस येतो, कडूपणा त्यात उतरतो, आणि ती चकती फेकून देतात. हे कुठल्याही घरातलं पोरही जाणतं. चंद्राची तर काकडी गावठी, देठाशी चांगलीच कडू. बोटाएवढ्या कोवळ्या काकड्या ती सकाळी तोडायची, फडक्याने पुसून सावलीत वाळवायची, देठ कापून, घासून, चार चिरा पाडायची. खाडीकडच्या मिठागरातलं खडे मीठ लावून त्या बरणीत दाबायची आणि वर पाट्याचा जुना धोंडा ठेवायची. पाणी सुटलं की हिरवी मिरची, हळद, हिंग, फेसलेली मोहरी. फडकं बांधून बरणी कोपऱ्यात. हे झालं स्वतःच्या घराचं.

घासून काढलेले देठ तिने त्या वर्षी फेकले नाहीत. टोपलीत साठवले, थोडं मीठ मारलं, लहान बरणीत ठेचून भरले आणि वरून मोठ्या बरणीतला वाटीभर खार ओतला. आता कुणी विचारलं तर एकाच वेलाचं, एकाच बरणीच्या खाराचं लोणचं दोन्ही घरांत जात होतं. खोटं बोलायची गरजच नाही.

सून निशा त्या घरात नवी आली तेव्हा तिने हे पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"आई, हे कडू जहर आहे. त्यांना पाठवायचं?"

"तू फक्त नेऊन दे," चंद्रा म्हणाली. "खाल्ला तर कडू तोंड होईल, न्हाय खाल्ला तर नाल्यात टाकतील. दोन्हीत माजा काय जातंय?"

दरसाल दसऱ्याला देठांची बरणी जायची. दरसाल पावसाळ्याच्या तोंडाशी तीच बरणी घासूनपुसून, उपडी, दोन घरांमधल्या कुंपणाच्या भिंतीवर परत दिसायची. त्यावर रंजिताचा एक शब्द नाही. शिवी नाही, तक्रार नाही, भावकीत बोभाटा नाही. चंद्राला पहिल्यांदा याचं हसू आलं, मग राग आला. अपमान केला तर समोरच्याने निदान तो झाला असं कळवावं! रंजिता तेवढंही सुख देईना. बरणी परत आली की चंद्रा ती हुंगून पाही. मोहरीचा वास येई. "नाल्यात ओतून वर मोहरीच्या हाताने धुतली असंल," असं म्हणून ती स्वतःची समजूत घाली.

असं चाललं असतं. पण केसरीनाथच्या गोदामात नवा भाडेकरू आला. त्याच्या गाड्या लांब, आणि पट्टीमुळे त्यांना वळायला जागा पुरेना. रोज सकाळी एखादा ड्रायव्हर खाली उतरून ओरडे, "सेठ, गाडी मुडती नहीं! ये काकडी हटाव!" केसरीनाथच्या डोळ्यात ती पट्टी आधीपासूनच खुपत होती, आता तर तिथे त्याला काँक्रीट दिसायला लागलं. त्याने प्रितेशला हाताशी धरलं. प्रितेशने आईजवळ विषय काढला.

"आई, चार वेलींसाठी किती दिवस अडवणार? काका म्हणतो, रस्ता झाला की दोघांचाही फायदा."

"तुज्या आज्याचा शब्द हाय."

"आजोबा कंटेनर बघायला नव्हते."

"मी हाय ना बघाला," चंद्राने सांगितलं. "पहिला कंटेनर माज्या अंगावरून जाईल, मंग काकडीवरून."

केसरीनाथला कंटेनर वहिनीच्या अंगावरून न्यायचा नव्हता. गावात तोंड दाखवायचं होतं. बापाचा शब्द आपण मोडला असं दिसून चालणार नव्हतं, तो वहिनीने मोडला असं दिसायला हवं होतं. आणि या वर्षीच्या दसऱ्याला ती संधी चालत त्याच्यासमोर आली. निशा बरणी घेऊन फाटकातून येत होती, तो तिथेच उभा होता. इतक्या वर्षांत त्याने त्या बरणीकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. घरात ताटात काय येतं, कुठून येतं, हे विचारणारा तो माणूस नव्हे. ताट आलं की जेवायचं आणि उठायचं. त्या दिवशी मात्र त्याने फडकं सोडून आत पाहिलं. देठ. नुसते देठ. त्याने एक उचलून जिभेवर ठेवला आणि थुंकला.

"हा लोनचा हाय?" तो ओरडला. निशाचा चेहरा पडला. केसरीनाथचा मात्र असा खुलला की जणू खड्ड्यात हंडा सापडला. बरणी त्याने स्वतः आत नेली, बायकोपुढे ठेवली, तिला काही विचारलं नाही, सांगितलंही नाही. संध्याकाळपर्यंत त्याने भावकीतल्या थोर माणसांना निरोप धाडले. रविवारी पट्टीतच बैठक. दौलतदादा येणार. बरणी सगळ्यांसमोर उघडायची.

चंद्राला हे निशाने रडत रडत सांगितलं. चंद्रा तिच्यावरच खेकसली, "रडतेस कनाला? तू देठ कापलंस काय?" पण तिला भीती वाटली, खरीखुरी भीती. दौलतदादा म्हणजे राघोच्या चुलत्याचा मुलगा, भावकीतला सगळ्यात म्हातारा. राघोने शब्द दिला तेव्हा शेजारी तोच बसला होता. त्याच्या तोंडात देठ पडला की संपलं. पट्टी गेली. उद्यापासून या घरात आपण कोण? सकाळी चहा करणारी आणि रात्री दार लावणारी म्हातारी.

शनिवारी संध्याकाळी तिने मोठी बरणी उघडली, एक भांडं भरून चांगल्या काकड्या काढल्या, वर ताट झाकलं आणि मागच्या वाटेने रंजिताच्या मोरीच्या दाराशी गेली. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. बरणी बदल, एवढंच म्हणायचं होतं. माफी वगैरे तिच्या डोक्यातही नव्हती. रंजिता मोरीत बसून काहीतरी पिळत होती. तिने मान वर केली, भांड्याकडे पाहिलं, मग चंद्राकडे.

"कनाला आली?"

किती वर्षांनी आलेला पहिला शब्द, आणि तोही दगड मारावा तसा. चंद्राने भांडं पाठीमागे घेतलं. "मांजर शोधतंय," ती म्हणाली.

"आमच्याकडं मांजर न्हाय."

"दिसतंय ना." आणि चंद्रा भांडं घेऊन माघारी आली. रस्त्यात तिने स्वतःला, रंजिताला आणि नसलेल्या मांजराला मनसोक्त शिव्या दिल्या. मेली तरी हिच्यापुढे हात पसरणार नाही, पट्टी गेली तरी चालेल, असं ती बडबडत होती, आणि पट्टी गेलेली तिला मुळीच चालणार नव्हती.

रविवारी पट्टीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. वेल आता पिवळे पडत आले होते, मांडवावर दोनचार जून काकड्या लोंबत होत्या. दौलतदादा मधल्या खुर्चीवर बसला, बाकी पाचसहा जण बाजूला. चंद्रा मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिली, जणू तो उपटून न्यायला कुणी आलंच तर आपण तिथेच असावं. प्रितेश लांब उभा होता. कुणाच्या बाजूला उभं राहावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

केसरीनाथने भाषणच ठोकलं. बापाचा शब्द, भावकीची इज्जत, एका घराची दोन घरं झाली तरी ताटातली चव एक. "आनि ही वैनी," तो चंद्राकडे बोट करून म्हणाला, "सालोसाल आमाला देठ पाठवते! कचऱ्यात टाकाचा माल! बाबांचा शब्द हिनी मोडला. लोनचा येत न्हाय, मंजे जागा मोकली झाली."

"वेल तोच, खार तोच," चंद्रा म्हणाली. "काकडीचा देठ मंजे काय काकडी न्हाय? बाबांनी शेंडा दे का बुड दे, सांगितला न्हवता."

एकदोघे हसले. दौलतदादा हसला नाही. तो तिच्याकडे वळून म्हणाला, "चंद्रा, तुला माहीत होता तू काय करतेस." चंद्राने शरमेने नाही, संतापानेच खांब घट्ट आवळला.

"आना बरनी," दादा म्हणाला.

केसरीनाथने घराकडे तोंड करून हाक मारली. रंजिता आली. तिच्या हातात ती लहान बरणी नव्हती. एक काचेची बरणी होती, अर्धीअधिक रिकामी, तळाशी पिवळ्याजर्द मोहरीत काहीतरी होतं. दुसऱ्या हातात ताटली, तिच्यात भाकरी.

"ही न्हाय," केसरीनाथ वैतागला. "वैनीनी पाठवलेली आन!"

"तिच्यातलाच हाय," रंजिता म्हणाली. "गेल्या सालचा. या सालचा अजून मुरतंय." तिने दादापुढे बरणी ठेवली.

दौलतदादाने एक तुकडा काढला आणि आधी नुसताच जिभेवर धरला. सगळे त्याच्या जबड्याकडे पाहत होते. केसरीनाथ तर तो कधी थुंकतो याची वाट पाहत पुढे झुकला होता. दादाने चावलं. गिळलं. मग भाकरीचा तुकडा मोडला, दुसरा देठ घेतला, मग तिसरा. बोट चाटून म्हणाला, "कडू हाय. पन मागून. आधी आंबट, मंग मोहरी चढते, आनि शेवटाला जरासा कडू. ह्याच्यावर भाकरी जाते." त्याने बरणी शेजारच्याला दिली. ती हातोहात फिरली आणि दर हाताशी थोडी कमी झाली.

"तू काय केलास ह्याला?" दादाने रंजिताला विचारलं.

"मीठ लावून रातभर दाबते, कडू पानी पिलून काढते. मंग दोन दिस ताकात. परत पिलते. मंग चिंचेच्या पान्यात, आनि मोहरी." ती हे दादाला सांगत होती, पण पाहत चंद्राकडे होती. "पहिल्या साली मी नाल्याशी गेलते टाकाला. मंग इचार केला, टाकला तर हिचा जमला. हिनी मना कडू खावाला पाठवलाय ना? मंग मी तो गोड करून खाईन, आनि हिला कवा कलू देनार न्हाय."

"मंजे घरात आपन खातंय तो..." केसरीनाथचा आवाज बारीक झाला.

"तोच. सात साल झाली. रोज दोन वेला मागून घेतंय तुमी."

आता मात्र सगळे हसले, प्रितेशसुद्धा. केसरीनाथचं तोंड पाहण्यासारखं झालं. ज्या लोणच्याने शब्द मोडला म्हणून त्याने गाव गोळा केलं, ते त्यानेच बरणीच्या बरणी संपवलं होतं. चंद्राला क्षणभर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. लोणचं गेलं, खाल्लं गेलं, शब्द राहिला, पट्टी राहिली! ती खांब सोडून पुढे आली.

"झाला ना मंग?" ती म्हणाली. "उठा आता. माज्या वेलींवर पाय देऊ नका."

"बस, चंद्रा," दौलतदादा म्हणाला. "खा एक."

बरणी तिच्यासमोर आली. नाही म्हणायची सोय नव्हती. तिने देठ तोंडात टाकला. जिभेवर आंबट आलं, मग मोहरी नाकात चढली आणि डोळ्यांत पाणी आलं, आणि मग शेवटी तो ओळखीचा कडूपणा आला, पण मवाळ, ऐकणारा. इतकी वर्षं लोणची घातलेल्या बाईला चव कळते. ती खोटं बोलू शकली असती, पण तिचा चेहरा बोलून गेला. तिच्या स्वतःच्या बरणीतल्या काकड्या, खाडीचं मीठ आणि पाट्याचा धोंडा लावलेल्या, याच्यापुढे पाणचट होत्या. हे कळल्यावर तिला रंजिताचा जेवढा राग आला तेवढा त्या ओटीवरच्या वाक्यानेही आला नव्हता.

दादा उठून उभा राहिला. "राघोदादा काय बोल्लेला, मना आठवतंय. जी बाय बरनी घालंल तिच्या ताब्यात जागा. थोरली का धाकटी, बोल्ला न्हाय तो. चंद्रा, सात साल तू धाकट्या घराची बरनी घातली न्हायस. तू देठ पाठवलंस. त्या देठांची बरनी रंजितानी घातली, म्हनून राघोदादाचा शब्द टिकला. मोठी बरनी तिच्या घरी जाईल. जागा तिची."

बाहेर एक कंटेनर मागे घेताना टूं टूं वाजत होता. आपण स्वतः कापलेले, स्वतः ठेचलेले, सुनेच्या हाती पाठवलेले देठ आपल्यावर उलटले, हे चंद्रा कुणाला सांगणार होती? ती रंजिताला म्हणाली, "तू तवाच बोल्ली होतीस बरनी मागाची. ओटीवर. मी ऐकला होता."

"बोल्ले होते," रंजिता म्हणाली. "ऐकावाच म्हनून बोल्ले."

केसरीनाथ एव्हाना सावरला होता. अपमान झाला, पण पट्टी आपल्याच घरात आली की! त्याने हात चोळले आणि खांबाला हात लावला. "चला, झाला ते बरा झाला. उद्या जेसीबी बोलावतंय."

"कोनाला इचारून?" रंजिताने विचारलं.

"मंजे?"

"जागा बरनीची हाय. बरनी माजी. दोनी घरांत लोनचा जातंय तवर हात लावाचा न्हाय, तुमीच मघाशी भाषान केला." तिने त्याचा हात खांबावरून काढला. "डायवरला सांगा, गाडी मागं घे."

त्या संध्याकाळी मोठी बरणी हलली. दोन माणसांनी ती उचलून नेली, आणि चंद्राच्या कोपऱ्यात जमिनीवर एक गोल फिकट डाग राहिला. निशाने तो घासून काढायला फडकं आणलं तर चंद्रा तिच्या अंगावर धावली. कित्येक दिवस ती पट्टीकडे फिरकली नाही. पाहायचं म्हटलं तरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मांडवाचा एक कोपराच दिसे. पुढच्या पावसाळ्यात तिथे रंजिता वाकलेली दिसू लागली. वेल बांधायची तिची पद्धत चुकीची होती, सुतळी आवळून बांधायची. चंद्राला खिडकीतून ते दिसे आणि ती आतल्या आत जळे, पण सांगायला गेली नाही. वेल मेले असते तर तिला बरं वाटलं असतं. वेल मेले नाहीत. काकड्या धरल्या, आणि भरपूर धरल्या.

दसऱ्याच्या दिवशी दारावर थाप पडली. केसरीनाथ उभा होता, हातात लहान बरणी, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. बायकोने त्यालाच धाडलं होतं. "वैनी, ही तुमची," एवढं म्हणून तो पायऱ्या उतरून निघूनही गेला. चंद्राने फडकं सोडलं. मोहरीच्या पिवळ्या खारात आत देठ होते. नुसते देठ.

प्रितेशने डोकावून पाहिलं. "आई, बघ तिची हिंमत! फेक ते नाल्यात. नाहीतर दौलतदादाकडे घेऊन जाऊ या. चांगल्या काकड्या स्वतः ठेवून घेतल्या ना तिने? शब्द तिने मोडला."

चंद्राने एक देठ उचलला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला. आंबट आलं, मोहरी चढली, मागून कडू आलं. फेकलं तर रंजिताचं जमलं, हे तिला तिथल्या तिथे कळलं. आणि भांडायला गेलं तर भावकीसमोर हीच बरणी हातोहात फिरणार, आणि लोक बोटं चाटणार.

"भाकरी घाल," तिने निशाला सांगितलं.

थंडी सरायच्या आत बरणी संपली. चंद्रा दर घासाला रंजिताच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती आणि दुसरा देठ उचलत होती. शेवटी तिने ती बरणी राखेने घासली, तीनदा धुतली, आणि दोन घरांमधल्या भिंतीवर उपडी ठेवली. पलीकडे रंजिता काकडीच्या वेलांसाठी आळी करत होती. तिने मान वर करून बरणीकडे पाहिलं. चंद्रा आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.